हायस्कूलमधला गृहविज्ञानाचा तास : सिलिंडर, केईबी बिल आणि निळी गोळी

कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमधल्या विज्ञानाच्या बाईंनी विचारले आहे. मुख्याध्यापकांनी आठवी-नववीचे आठवड्याचे दोन तास ‘गृहविज्ञान’ म्हणून त्यांच्या गळ्यात घातले आहेत. वेगळी खोली नाही, शेगडी नाही, खर्चाला पैसे नाहीत. पालक म्हणतात, “सैपाक घरात शिकत्यात की, त्याला शाळा कशाला?” मुलगे त्या तासाला ग्राउंडवर जायची परवानगी मागतात. बाईंनी अमेरिकेतल्या शाळांचा ‘फॅमिली अँड कन्झ्युमर सायन्स’चा अभ्यासक्रम मिळवला आहे. तो तसाच घ्यावा का, मुलग्यांनाही बसवावे का आणि गुण कशावर द्यावेत, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

बाई, तो अभ्यासक्रम तसाच घेऊ नका आणि फेकूनही देऊ नका. अमेरिकेत हा विषय ‘होम इकॉनॉमिक्स’ म्हणून वाढला. या विषयाची तिथली संघटना १९०९ची, पहिल्या अध्यक्ष एलेन स्वॉलो रिचर्ड्स. त्या मूळच्या रसायनशास्त्राच्या, अमेरिकेतल्या एमआयटीतून पदवी घेतलेल्या पहिल्या स्त्री, आणि त्यांचे मोठे काम पिण्याच्या पाण्याच्या तपासणीचे. म्हणजे विषयाचा पाया प्रयोगशाळेत घातला गेला. केक आणि शिवणकाम मागाहून आले आणि इतके ऐसपैस बसले की १९९४ मध्ये संघटनेला ‘होम इकॉनॉमिक्स’ हे नावच बदलून ‘फॅमिली अँड कन्झ्युमर सायन्सेस’ करावे लागले. तुम्ही विज्ञान शिकवता, तेव्हा या विषयात तुम्ही पाहुण्या नाही. त्या अभ्यासक्रमातला सांगाडा घ्या : अन्न, पैसा, कापड, मुलाची वाढ, ग्राहकाचा हक्क. ओव्हन, डिशवॉशर आणि गाडीचा विमा तिकडेच राहू दे.

माझे सांगणे एवढेच की या तासात पदार्थ शिकवायला जाऊ नका. काय आणायचे, कितीला आणायचे, कोणाच्या ताटात काय पडणार, कर्ज कोणाकडून उचलायचे, असे काही ना काही घरात रोज ठरत असते. ते ठरवण्याआधी मोजायचे कसे, हे शिकवा. मोजायची वस्तू मुलाच्या घरात असतेच, त्यामुळे खोली आणि बजेट नसल्याने फारसे अडत नाही. पदार्थ शिकवायला गेलात की आयांशी स्पर्धा होते, आणि खानापूरकडच्या बायकांना तांदळाच्या भाकरीत तुम्ही-मी काय शिकवणार?

सुरुवात सिलिंडरपासून करा. पहिल्या धड्याला मुलांना घरच्या सिलिंडरवरचे दोन आकडे आणि एक अक्षर उतरवून आणायला सांगा. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो असतो. रिकाम्या टाकीचे वजन प्रत्येक टाकीवर वेगळे छापलेले असते, साधारण १५-१६ किलोच्या घरात. टाकीवर १५.३ असेल तर भरलेली टाकी २९.५ किलो भरली पाहिजे. गाडीवाल्याने काटा सोबत ठेवायचा असतो आणि घेणाऱ्याने वजन करून मागायचे असते. मागते कोण? गाडीवाल्याकडे काटा नसेल तर गावातल्या गिरणीत असतो. वरच्या कड्याला धरून ठेवणाऱ्या तीन पट्ट्यांपैकी एकीवर आतल्या बाजूला इंग्रजी अक्षर आणि साल रंगवलेले असते. ‘ए’ म्हणजे जानेवारी ते मार्च, ‘बी’ एप्रिल ते जून, असे ‘डी’पर्यंत. ती टाकीच्या पुढच्या चाचणीची मुदत. मुदत उलटलेली टाकी घ्यायची नाही, बदलून मागायची. रबरी नळीवरही मुदत छापलेली असते, तीही बघायला लावा. वर्गात हे सांगितले की दुसऱ्या दिवशी दोन-तीन पोरे धावत येतात, “बाई, आमची नळी जुनी आहे.”

पुढचे गणित सोपे आहे. टाकी जोडली ती तारीख कॅलेंडरवर लिहायची, संपली ती लिहायची. चाळीस दिवस गेली तर दिवसाला ३५५ ग्रॅम गॅस. त्याला भावाने गुणले की रोजच्या चुलीचा खर्च रुपयांत हाती येतो. मग प्रश्न विचारा : हुलगे रात्री भिजत घातले आणि न भिजवता शिजवले, तर शिट्ट्यांत फरक किती? झाकण ठेवून किती, न ठेवता किती? जंगलाकडच्या गावांतली मुले सांगतील की न्हाणीतले पाणी अजून लाकडावर तापते. त्यांना लाकडाची मोळी मोजू दे. चुलीवरचे घर मागासलेले, असा सूर मात्र वर्गात कोणाच्या तोंडून निघता कामा नये, तुमच्याही नाही.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे जी कुठल्याच छापील अभ्यासक्रमात सापडायची नाही. घर मराठी, पण लाइटचे बिल कन्नडमध्ये. रेशनकार्ड कन्नडमध्ये, जमिनीचा उतारा कन्नडमध्ये. आजीला वाचता येत नाही. आई चंदगड किंवा गडहिंग्लजकडची असली तर तिचे शिक्षण सगळे महाराष्ट्रातले, तिलाही अडते. वाचता येते ते आठवीतल्या पोराला, कारण तो शाळेत कन्नड शिकतो. पण त्याच्या हातात बिल कोणी देत नाही. सीमाप्रश्नावर ज्याचे जे मत असेल ते असो, घरातला कागद घरातल्या कोणाला तरी वाचता आलाच पाहिजे. हेस्कॉम या वीज कंपनीचे बिल, ज्याला आपल्याकडे अजून सगळे केईबीचेच, म्हणजे जुन्या वीज मंडळाचेच, बिल म्हणतात, ते तासाला आणायला सांगा. मागचे रीडिंग, आताचे रीडिंग, युनिट, स्थिर आकार, सवलत हे रकाने फळ्यावर कन्नड आणि मराठी दोन्हींत लिहून घ्या. त्यासाठी कन्नडच्या शिक्षकांना अर्धा तास बोलवा, ते आनंदाने येतात.

मग युनिट म्हणजे काय ते. हजार वॅट एक तास चालले की एक युनिट. दोन हजार वॅटचा गीझर अर्ध्या तासात एक युनिट खातो, नऊ वॅटचा एलईडी बल्ब तेवढ्याच एका युनिटात शंभर तासांच्या वर जळतो. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत २०० युनिटांपर्यंत सवलत आहे, पण प्रत्येक घराची हक्काची मर्यादा आधीच्या वापराच्या सरासरीवरून ठरलेली आहे आणि २०० ओलांडले की त्या महिन्याचे सगळे बिल अंगावर येते. हे कळले की पोरे स्वतःच मीटरवर नजर ठेवू लागतात. पावसाळ्यात आपल्याकडे आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा पाणी तापवायच्या रॉडचा हिशेब करायला लावा. बापाशी वाद घालण्याइतके आकडे हाती आले की मुलांना या तासाची गोडी लागते.

आता ताट. इथे जरा थांबा, कारण शाळेत सर्वांत जास्त उपयोग याच भागाचा होतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे १३ ते १५ वयाच्या मुलीला दिवसाला ३० मिलिग्रॅम लोह लागते, मुलाला २२. हिमोग्लोबिन बाराच्या खाली गेले की या वयाच्या मुलीला रक्तक्षय आहे असे धरतात. यावर घराघरांत ठरलेला उपाय म्हणजे गूळ आणि बीट. दहा ग्रॅमच्या गुळाच्या खड्यात अर्धा मिलिग्रॅमही लोह धड नसते, आणि बीट नुसते रंगाने फसवते. त्यापेक्षा हुलगे, मटकी, चवळी, हरभरा, अळीव आणि पालेभाज्या बऱ्या. पण धान्य-कडधान्यातले लोह शरीर सहज घेत नाही. सोबत लिंबू, आवळा, कच्चा टोमॅटो असे आंबट काही असले तर जास्त घेते, आणि सोबत चहा असला तर कमी घेते. आपल्याकडची सकाळची न्याहारी काय? चहा-चपाती. चपाती चहात बुडवूनच खायची. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवा, एवढे एक जरी घरोघर गेले तरी दोन तासांचे सार्थक झाले. मोड आणले की लोह शोषायला अडथळा करणारा घटक कमी होतो, हे विज्ञानाच्या तासाला जोडून घ्या.

दुपारचे जेवण शाळेत अक्षर दासोह या सरकारी योजनेचे असते, दहावीपर्यंत. सांबार-भात असला की प्रत्येकाने घरून लिंबाची एक फोड आणायची, असा एक दिवस ठरवा. वर्गातले शिकणे त्याच दिवशी ताटात येते. शाळेत मिळणारी आठवड्याची लोहाची निळी गोळीही याच तासात घ्या. तीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असते. ती रिकाम्या पोटी घेतली की मळमळते, म्हणून जेवणानंतर. शौचाला काळे होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. हे दोन मुद्दे कोणी सांगत नाही आणि मग गोळ्या खिडकीतून बाहेर जातात. हिमोग्लोबिनचे आकडे मात्र वर्गात कधीही मोठ्याने वाचू नका. ज्याची चिठ्ठी त्याच्या हातात.

ज्वारीची भाकरी आणि उसळ हे जोडपे का जमते तेही सांगता येईल. धान्यात लायसिन हे अॅमिनो आम्ल कमी, कडधान्यात मिथिओनिन कमी, एकमेकांची उणीव दोघे भरून काढतात. ज्वारीत ग्लूटेन नाही, म्हणून पीठ उकळत्या पाण्यात भिजवतात, म्हणजे त्यातला स्टार्च चिकट होतो आणि भाकरी थापताना फाटत नाही. आईच्या हाताला हे ठाऊक असतेच. तिच्या कामामागचे कारण पोराने घरी जाऊन तिला सांगितले की पालकांचा विरोध निम्मा ओसरतो.

बाजारहाटावर फार तास घालवू नका, तीन-चार पुरेत. पाकिटावर छापील किंमत, निव्वळ वजन, बनवल्याचा महिना, खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक, हे शोधायला लावा. थंड पेयाच्या बाटलीवरचा साखरेचा आकडा मुलांना फार चालतो. कोलात १०० मिलिलिटरला साधारण १०-११ ग्रॅम साखर असते, म्हणजे पावशेराच्या बाटलीत सहा चमच्यांच्या आसपास. तेवढी साखर वाटीत काढून टेबलावर ठेवा. भेसळीचे प्रयोग सोपे आहेत. पाण्यात तिखट टाकले आणि रंगाच्या रेघा भराभर खाली उतरू लागल्या तर शंका घ्यावी. हळदीने पाणी गडद पिवळेधमक झाले तरीही शंका. दूध उकळून, गार करून आयोडीनचा थेंब टाकला आणि निळे झाले तर त्यात स्टार्च आहे. पण घरच्या प्रयोगाने फक्त शंका येते, सिद्ध काही होत नाही, हे मुलांच्या मनावर ठसवा. नाहीतर पोरे दुसऱ्या दिवशी किराणा दुकानदाराच्या अंगावर जातात. अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे कोणताही गिऱ्हाईक फी भरून सरकारी अन्न विश्लेषकाकडे नमुना तपासायला देऊ शकतो. खरा मार्ग तो.

सीमेवरच्या माणसाला उपयोगी पडेल असे कलम २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आहे. तक्रार तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा आयोगात करता येते. मिक्सर कोल्हापुरात घेतला आणि राहता निपाणीत, तर बेळगावात तक्रार चालते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. त्यासाठी पावती हवी, आणि आपल्याकडे “पावती कशाला, ओळखीचा आहे” म्हणायची सवय. सोन्याचेही तसेच. दागिन्यावर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा शिक्का, २२ कॅरेटसाठी ९१६ आणि एचयूआयडी हा सहा अक्षरी-आकडी ओळख क्रमांक. बीआयएस केअर अॅपवर तो क्रमांक टाकला की दागिन्याची नोंद दिसते. बहिणीचे लग्न ठरलेल्या पोराला हा तास आयुष्यभर लक्षात राहतो.

कापडासाठी शहापूर-वडगाव-खासबागच्या मागांवरचे चिंध्यांचे तुकडे मागून आणा, कोणी नाही म्हणत नाही. दोन-दोन इंचांचे धागे चिमट्यात धरून ज्योतीवर धरायचे. सुती धागा कागदासारखा वास सोडतो आणि मऊ राख होते. रेशीम जळक्या केसांसारखे वासते आणि त्याची गोळी बोटात चुरडते. पॉलिस्टर वितळते, गोळी कडक राहते. सुती आणि व्हिस्कोज या परीक्षेत सारखेच वागतात, तेवढे आधीच सांगा. खाली पाण्याची परात, मेणबत्ती एकच, आणि ती तुमच्या हातात.

पैशाचा भाग नववीत घ्या. आपल्या गावांत भिशी आहे, बचत गट आहे, आणि दर आठवड्याला दारात येणारी मायक्रोफायनान्सची वसुली आहे. जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध कर्नाटक सरकारला २०२५ मध्ये अध्यादेश काढावा लागला, यावरून प्रश्न किती खोल गेला होता ते समजा. फळ्यावर एक बनावट कर्ज मांडा : दहा हजार रुपये, वर्षाला १२ टक्के ‘फ्लॅट’ (म्हणजे व्याज शेवटपर्यंत पूर्ण मुद्दलावर), बारा हप्ते. व्याज १,२००, महिन्याचा हप्ता ९३३ रुपये. आता विचारा, पूर्ण दहा हजार आपल्याकडे किती दिवस होते? पहिलाच महिना. पुढे दर महिन्याला मुद्दलातले ८३३ परत जातात. बाराही महिन्यांच्या थकबाकीची सरासरी काढली तर ५,४१७ येते. त्यावर १,२०० व्याज म्हणजे दर २२ टक्क्यांच्या घरात. ‘बारा टक्के’ म्हणून सांगितलेले कर्ज असे उघडे पडते तेव्हा वर्ग गप्प होतो, कारण अर्ध्या मुलांनी तो कागद घरात पाहिलेला असतो. म्हणूनच आकडे बनावट घ्या. “तुमच्या घरी कर्ज किती?” हे विचारणे या तासात वर्ज्य.

मुलग्यांचे उत्तर एका वाक्यात : तेही बसणार, आणि एकत्रच बसणार. मुलींना एकट्यांना बसवलेत तर तो तास वर्षभरात रांगोळी-मेंदीवर घसरतो, हे मी अनेक शाळांत पाहिले आहे. पोरांना पटवायचे तर नीतीचे धडे देऊ नका. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे सेंटर आहे. तुमच्या वर्गातले निम्मे पोर भरतीच्या १.६ किलोमीटर धावण्याची तयारी करते आहे. हिमोग्लोबिन कमी असेल तर दम का लागतो, तिथून ताटाचा धडा सुरू करा. सैन्यात कपडे धुणे, बटण लावणे, बूट घासणे सगळे स्वतःलाच करावे लागते. बाकीचे पुण्याला, गोव्याला, बंगळूरला खोली करून राहणार. चौघांच्या खोलीचे महिन्याचे रेशन आणि खर्चाची वाटणी हा त्यांच्यासाठी तयार प्रकल्प आहे.

वाढत्या वयाचा विषय टाळू नका, पण घाईही करू नका. पाळी म्हणजे काय याचा पहिला तास दोघांना एकत्र, विज्ञानाच्या भाषेत. मग मुलींचा वेगळा तास, त्यात कापड वाळवण्यापासून सरकारी शुचि योजनेच्या पॅडपर्यंत सगळे मोकळेपणी. बालविवाहाबद्दल एक गोष्ट इथल्या पालकांना माहीत नसते. केंद्राच्या २००६च्या कायद्यात असा विवाह सहसा रद्द करून घ्यावा लागतो, पण कर्नाटकाने २०१६च्या दुरुस्तीने तो मुळातच अवैध ठरवला आहे. पाहुणे पलीकडचे, महाराष्ट्रातले, आणि “तिकडं चालतं की” असे कोणी म्हणाले तर ते खोटे आहे. वय दोन्हीकडे मुलीला १८, मुलाला २१. १०९८ हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहून ठेवा, त्याचे भाषण करायची गरज नाही.

मदत हवी असेल तर बैलहोंगल तालुक्यातल्या मत्तिकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्राला पत्र लिहा. धारवाडच्या कृषी विद्यापीठातही १९७४ सालचे गृहविज्ञानाचे महाविद्यालय आहे, आता त्याला सामुदायिक विज्ञान म्हणतात. भाजी वाळवणे आणि भरडधान्ये यांवर त्यांच्याकडे काम भरपूर आहे. पाहुणे व्याख्याते बोलावले तर त्यांना आधीच सांगा की वर्ग मराठी आहे आणि भाषण वीस मिनिटांचे.

गुणांचे म्हणाल तर लेखी परीक्षा घेऊ नका. प्रत्येकाची एक शंभर पानी वही, तिला आम्ही घरवही म्हणायचो. दर पंधरवड्याला एक नोंद : घरातले काय मोजले, आकडा काय आला, त्यावर घरात काय बोलणे झाले, पुढे काय बदलले किंवा का बदलले नाही. गुण मोजण्याला आणि कारणाला द्या, वहीच्या सजावटीला नाही. “बाबा नको म्हणाले, कारण गीझर आजीसाठी लागतो” अशी नोंद आली तर तिला पूर्ण गुण. आईने लिहून दिलेली वही ओळखू येते, अक्षर सुरेख आणि आकडे गोल असतात. तशी वही दिसली की रागावू नका, पुढच्या तासाला त्या पोराला त्याच्या घरच्या टाकीवरचे अक्षर कोणते ते विचारा.

जूनचा पहिला आठवडा वह्या-पुस्तकांतच जातो. दुसऱ्या आठवड्यात सिलिंडर, जुलैत बिल, श्रावणात उपासाची ताटे येतात तेव्हा लोह आणि शेंगदाणे-साबुदाण्याचा हिशेब, दसऱ्याच्या खरेदीआधी पावती आणि एचयूआयडी, संक्रांतीनंतर कर्ज. वार्षिक परीक्षेच्या हवेत नववीची मुले कशातच नसतात, म्हणून कापड जाळायचा प्रयोग फेब्रुवारीसाठी राखून ठेवा.